सूड अवताराचा, जमीन कोणाची?

कोकणावरच्या कथेत खून पडला तर तो बहुधा जमिनीसाठी पडलेला असतो. आणि तरीही जमिनीचा प्रश्न त्या कथेत क्वचितच विचारला जातो. प्रेत कोणाचे, मारेकरी कोण, पुढची पाळी कोणाची, हे सर्व विचारले जाते. ज्या जमिनीपायी हे घडले ती मुळात कोणाच्या नावावर होती, त्या नावाआधी ती कोण कसत होते आणि कसणाऱ्याचे नाव कागदावर का चढले नाही, हे विचारण्याची निकड लेखकाला वाटत नाही. वाचकालाही वाटत नाही. रहस्यकथा या वाङ्मयप्रकारावर याचा ठपका ठेवण्याचे कारण नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि ज्यांच्या घरात दुसरे पुस्तक नव्हते त्यांनीही त्या वाचल्या. ‘उथळ’ म्हणून त्या वाङ्मयाला बाजूला सारणाऱ्या अभिजनांच्या पंक्तीला आपण बसण्याचे कारण नाही. उलट, लाखो लोक श्वास रोखून जे पाहतात त्यात त्यांना काय दाखवले जाते आणि काय झाकले जाते, हे तपासणे दलित समीक्षेचे कामच आहे.

१२ सप्टेंबर २०२५ रोजी प्रदर्शित झालेला ‘दशावतार’ हा चित्रपट या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. लेखन-दिग्दर्शन सुबोध खानोलकर यांचे, संवाद गुरु ठाकूर यांचे. बाबुली मेस्त्री हा दशावतारात आयुष्य घालवलेला, नजर अधू झालेला म्हातारा नट. दिलीप प्रभावळकरांनी वयाच्या ऐंशीच्या पुढे ही भूमिका केली. गावच्या निसर्गावर खाणीचा डोळा आहे. मुलगा माधव मारला जातो आणि बाप अवतारांची सोंगे घेऊन एकेका अपराध्याचा हिशेब चुकता करतो. मागे पोलिसी तपासाचा धागा आहे. सिंधुदुर्गची माती, मालवणी बोली, खाणवाले आणि राजकारणी यांची युती, सूड आणि रहस्य: सारे एका ठिकाणी आले आहे. चित्रपट लोकांना आवडला, आणि आवडण्यासारखे त्यात पुष्कळ आहे. प्रभावळकरांच्या थकलेल्या देहात सोंग चढते तेव्हा कलावंत आणि कला यांच्यातील नाते दिसते. ते खोटे नाही. नायकाला ‘मेस्त्री’ केले ही गोष्टही लहान नाही. हे आडनाव कारागिराचे आहे. तो खोत नाही, इनामदार नाही, देवळाचा मानकरी नाही. हाताने काम करणाऱ्याच्या बाजूने कथा उभी आहे एवढे श्रेय तिला आधीच दिले पाहिजे.

पण मग प्रश्न अधिकच टोकदार होतो. कारागीर बापाला सूड घ्यायचा असेल तर तो स्वतःच्या नावाने का घेत नाही? त्याला विष्णूचे अवतार का लागतात?

याचे सोपे उत्तर असे दिले जाईल की तो दशावतारी आहे, म्हणून. हे उत्तर अपुरे आहे, कारण दशावतार ही रंगभूमी केवळ अवतारांची नाही. वालावल, पाट, परुळे, नेरूर, चेंदवण या पट्ट्यात ज्याने एक जरी जत्रा जागवली असेल त्याला हे ठाऊक आहे. वालावलला लक्ष्मीनारायणाचे देऊळ आहे, लगत तळे आहे, पलीकडे कर्ली नदी आहे. गाव चित्रात काढल्यासारखे देखणे आहे. या भागातल्या जत्रांच्या रात्री आधी ‘आडदशावतार’ होतो. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, भटजी येतो, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो. आणि मग येतो शंखासुर. अंगभर काळा वेश, वागणे मोकाट. बाकीची पात्रे देवाच्या थाटात वावरतात. शंखासुर मालवणीत बोलतो. तो टोमणे मारतो, भटजीची खोडी काढतो, प्रेक्षकांशी थेट संवाद करतो. झोपलेली पोरे त्याच्यासाठी उठवली जातात. त्याचा अपराध एकच: त्याने वेद पळवले. त्या अपराधासाठी विष्णू येऊन त्याला मारतो आणि मग पुढचे आख्यान सुरू होते.

ज्याने वेदाला हात लावला तो काळा. तो लोकांच्या बोलीत बोलतो. तो लोकांना सर्वांत प्रिय. आणि रोज रात्री तो मारला जातो. एवढी उघड गोष्ट आमच्या लोकरंगभूमीच्या अभ्यासकांना ‘विनोदी पात्र’ या दोन शब्दांत गुंडाळता आली. जोतीराव फुल्यांना ती गुंडाळता आली नाही. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादातून त्यांनी एकेक अवतार तपासायला घेतला, आणि त्यात मत्स्य व शंखासुर अगदी प्रारंभी आहेत. त्यापुढे कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम. फुल्यांच्या मते या देवकथा नव्हेत. आक्रमक टोळ्यांनी येथल्या मूळ लोकांना कसे जिंकले, त्यांची भूमी कशी घेतली, याचा तो विकृत करून ठेवलेला इतिहास आहे. त्यांच्या व्युत्पत्ती आज भाषाशास्त्रज्ञ मान्य करणार नाहीत. ‘महार’ हा शब्द त्यांनी ‘महाअरी’वरून लावला, परशुरामाशी झुंजलेला मोठा शत्रू म्हणून, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या ‘अस्पृश्य मूळचे कोण’ या विषयावरील ग्रंथात वेगळी उपपत्ती मांडली. व्युत्पत्ती चुकली तरी फुल्यांची दृष्टी चुकली नाही. अवतारकथा वाचताना जमीन कोणाकडून कोणाकडे गेली हे पाहा, असे त्यांनी शिकवले.

त्या दृष्टीने दोनच अवतार घ्या. वामन बळीकडे तीन पावले जमीन मागतो. पहिल्या पावलात पृथ्वी, दुसऱ्यात स्वर्ग, तिसऱ्याला बळीचे डोके. बळीने फसवले नाही, लुबाडले नाही. त्याने शब्द पाळला, आणि शब्द पाळला म्हणूनच तो पाताळात गेला. आजच्या भाषेत पहिले पाऊल अधिसूचना, दुसरे मोजणी, तिसरे ताबा. दुसरा अवतार परशुराम. त्याने बाण मारून समुद्र हटवला आणि कोकण निर्माण केले, अशी कथा. समुद्रातून नुकत्याच वर आलेल्या भूमीवर आधीचा कोणी रहिवासी असूच शकत नाही. ती ज्याला दिली त्याचीच. जमिनीच्या मालकीचा याहून पक्का दाखला कोणत्या तलाठ्याने लिहिला असेल? आजही पर्यटनाच्या पत्रकांत कोकण ‘परशुरामभूमी’ म्हणून छापले जाते. सिंधुदुर्ग १९८१ साली स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पाटी बदलली, दाखला तोच राहिला.

म्हणून जमीन बळकावणाऱ्यांचा नाश करण्यासाठी अवतार धावून येतात, ही कल्पनाच विपरीत आहे. ज्या परंपरेत जमीन काढून घेणे हाच अवताराचा पराक्रम होता, तिच्याकडूनच जमीन वाचवण्याची अपेक्षा केली जाते. दिग्दर्शकाने हे जाणीवपूर्वक केले असे मी म्हणत नाही. संस्कार जाणिवेच्या आधी काम करतात. पण शंखासुराची काळी बंडी अंगात घालून कोणी सूड घेतला असता तर मराठी प्रेक्षक इतक्या सहज त्याच्या बाजूने उभा राहिला असता का, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा.

नववा अवतार तर आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. पुराणांनी बुद्धाला विष्णूचा नववा अवतार केले. महाराष्ट्रातल्या जुन्या चित्रांत आणि पंचांगांत त्या जागी अनेकदा विठोबा उभा केला. आधी गिळले आणि मग गिळल्याची खूणही पुसली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही, अशी स्वतंत्र प्रतिज्ञा आहे ती उगाच नव्हे. ती घेतलेल्या माणसाने ‘दशावतार’ नावाच्या कलाकृतीसमोर बसताना काय करावे? कला म्हणून बघावी, नटाला दाद द्यावी. पण ‘हे आपल्या सर्वांचे’ असे कोणी म्हणाले तर त्या ‘सर्वां’त आपण कधी होतो हे विचारावे. ज्या देवळांच्या सभामंडपात हे खेळ झाले त्यांत पूर्वास्पृश्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाय टाकता आला नाही. ज्याने नाटक आवाराबाहेरून ऐकले त्याचा त्या नाटकावरचा हक्क आणि ज्याच्या घरून नटांना शिधा गेला त्याचा हक्क सारखा नसतो.

चित्रपटात आणि या प्रकारच्या सगळ्याच कथांत एक शब्द वारंवार येतो: ‘गाव’. गावावर संकट आले, गावाची जमीन जाणार, गावचा राखणदार कोपणार. कोकणात ‘गाव’ हा शब्द निरागस नाही. गावकर, मानकरी, बारापाच ही देवस्थानाभोवती बांधलेली उतरंड आहे, आणि गावरहाटीत महाराला जे मान म्हणून मिळत होते ते बहुतेक कामच होते. आंबोली, चौकूळ, गेळे या सह्याद्रीच्या माथ्यावरच्या तीन गावांत ‘कबुलायतदार गावकर’ जमिनींचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजला. त्या नावातच जमीन कोणाकडे होती ते लिहिले आहे: गावात राहणाऱ्याकडे नव्हे, गावकराकडे. राखणदार सर्वांना राखतो असे म्हणतात. १९५६ नंतर ज्यांनी त्याला नारळ देणे सोडले त्यांनाही तो राखतो का, हे कोणत्या कथेने सांगितल्याचे ऐकिवात नाही.

येथे शेजारच्या किनाऱ्यावरच्या ‘कांतारा’ची (२०२२) आठवण होणे साहजिक आहे. ती कन्नड कथाही दैवताची, जमिनीची आणि सुडाचीच. तिच्याही शेवटाशी माझे मतभेद आहेत. दैव अंगात आले की प्रश्न मिटतात असे तीही सांगते. पण तिथे जमिनीच्या मालकीचा उगम कथेतच आहे. राजाने जमीन दिली आणि त्याच्या वंशजाला ती परत हवी आहे, हे पहिल्या काही मिनिटांतच कळते. जमीनदाराच्या घरात कोण कुठपर्यंत जाऊ शकतो हेही दिसते. मराठी कथा इथे बिचकते. तिला खाणवाला शत्रू चालतो, कारण तो बाहेरचा आहे. सातबाऱ्यावरचा शत्रू तिला नको असतो, कारण तो घरचा आहे.

ही बिचकण्याची परंपरा जुनी आहे. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कोकणात पाप, शाप आणि नियती यांचा अंधार इतका दाट आहे की त्यात कूळ आणि मालक वेगळे ओळखू येत नाहीत. प्रतिभा मोठी, यात वाद नाही. श्री. ना. पेंडशांनी १९८७ साली ‘तुंबाडचे खोत’मध्ये जगबुडीच्या काठचे खोत घराणे पिढ्यान्‌पिढ्या उभे केले, पण कादंबरी खोताच्या ओटीवर बसून लिहिलेली आहे. तेथून अंगण दिसते, अंगणाखालचे शेत अंधुक दिसते, शेताच्या कडेची वाडी दिसत नाही. ती वाडी दिसण्यासाठी मराठी वाचकाला ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’पर्यंत, म्हणजे २००३ पर्यंत थांबावे लागले. बांबूच्या टोपल्या विणणारी आई आणि डोक्यावर ओझे घेऊन डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या बायका, हे कोकण कोणत्याही रहस्यकादंबरीत नव्हते. तिथे खून नाही. पण ओझे नेणाऱ्या त्या बाईच्या पायाखालची वाट कोणाच्या मालकीची हा प्रश्न पुस्तक मिटल्यावरही जात नाही.

सूडकथा दलित साहित्याला परकी आहे असेही नाही. अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ (१९५९) ही बापाच्या हत्येपासून पेटलेली कथा आहे. मात्र फकिराचा सूड एका माणसापाशी थांबत नाही. दुष्काळात माणसे मरू लागतात तेव्हा तो धान्य लुटतो आणि भुकेल्यांना जगवतो. वैयक्तिक सूड सामूहिक भुकेच्या प्रश्नात वितळतो. फकिरा कोणाचाही अवतार नाही. तो मांग आहे, आणि त्याला इंग्रज सरकारने आणि गावाने काय ठरवले होते हे कादंबरी विसरू देत नाही. बाबुलीचा सूड पूर्ण झाल्यावर गावात काय बदलले असेल? खाणवाले गेले असतील. जमीन ज्यांची होती त्यांचीच राहिली असेल. पुढच्या खाणवाल्याला ती विकण्याचा अधिकारही त्यांच्याकडेच.

जमिनीचा खरा लढा कोकणात झाला तेव्हा त्यात रहस्य नव्हते. १९३३ पासून १९३९ पर्यंत अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनी कसायचे नाकारले. सहा वर्षे शेते ओस पडली, माणसांनी लाकडे तोडून दिवस काढले, पण खोतांपुढे वाकली नाहीत. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली झाला. बाबासाहेबांनी खोताचा खून सुचवला नाही. जमिनीवरचा हक्क कायद्याने आणि संघटनेने उलटता येतो हे त्यांनी दाखवले, आणि महारवतनाबाबतही १९२८ सालापासून तेच केले. वतन ही जमीन नसून बेडी आहे, हे सांगण्याचे धैर्य त्या काळी अवघड होते, कारण तीच आपली शेवटची जमीन आहे असे आपल्याच माणसांना वाटत होते.

१९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली. फेरवाटपात मिळालेल्या जमिनी नव्या शर्तीवर आल्या, परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या. कागदावर हे संरक्षण होते. प्रत्यक्षात हाडकी-हाडवळा कोणाच्या घशात गेली याची कहाणी मराठीत पुरेशी लिहिली गेलेली नाही. नामदेव ढसाळांच्या ‘हाडकी हाडवळा’ने शीर्षकातच ती जमीन आणली, त्यानंतर तेवढ्या तीव्रतेने फार थोड्यांनी. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याजवळच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर महारवतनाच्या जमिनीचा व्यवहार वर्तमानपत्रांत गाजला तेव्हा अनेक सुशिक्षितांना ‘महारवतन’ हा शब्द पहिल्यांदा कळला. ‘दशावतार’ त्याच वर्षी, दोनच महिने आधी आला होता. एकीकडे जमिनीच्या सुडाची कल्पित कथा पाहायला गर्दी, दुसरीकडे वतनाच्या खऱ्या जमिनीची बातमी चार दिवसांत शिळी.

याचा अर्थ खाणीच्या बाजूने उभे राहायचे असा कोणी काढू नये. रेडीची खाण आपण पाहिली आहे. दोडामार्ग तालुक्यातल्या कळण्यात लोकांनी विरोध केला, तरी खाण झाली, आणि २०२१ च्या जुलैत खाणीतले पाणी आणि चिखल खालच्या वस्तीत व शेतांत घुसला. डोंगर खणला की आधी विहिरी आटतात, आणि आटणारी पहिली विहीर बहुधा वरच्या आळीची नसते. वालावलहून फार लांब नसलेल्या चिपी-परुळ्याच्या सड्यावर २०२१ च्या ऑक्टोबरात विमानतळ सुरू झाला. सडा म्हणजे पडीक कातळ, असे कागदावर लिहिलेले असते. त्या कातळावर पावसानंतर गवत होते, गुरे चरतात, सरपण मिळते, आणि हे सर्व ज्यांच्याकडे स्वतःची वीतभर जमीन नाही त्यांना अधिक लागते. १८९४ च्या भूसंपादन कायद्याला फक्त जमिनीत हितसंबंध असलेली व्यक्ती दिसत होती. गवत कापणारी बाई तिला दिसत नव्हती. २०१३ च्या कायद्याने उपजीविका गमावणाऱ्या भूमिहीन कुटुंबालाही ‘बाधित’ मानले. कोकणात किती मोर्चांनी हे कलम हातात घेतले? मोर्चाच्या फलकावर ‘आमची वाडवडिलार्जित जमीन’ असे लिहिलेले असते. ज्याच्या वाडवडिलांकडे जमीन नव्हती त्याने तो फलक कोणत्या तोंडाने धरावा?

खाणविरोधी चळवळीत बौद्ध वाडीने जावे की नाही, हा प्रश्न कुडाळ-सावंतवाडीकडे आज खरोखर विचारला जातो. माझे उत्तर: जावे. पण राखणदाराच्या नावाने नव्हे, आणि गावकराच्या मागून चालत नव्हे. सामाईक सडा, गायरान, पाणवठा यांवर भूमिहीनांचा हक्क आधी लेखी मान्य करून घ्यावा, मग खांद्याला खांदा लावावा. हे न करता गेल्यास खाण थांबेल आणि आपण होतो तिथेच राहू. ‘दशावतार’च्या शेवटानंतर त्या गावातले भूमिहीन राहतील तसे.

चित्रपटाची मालवणी मात्र मनापासून आवडली, हे नोंदवले पाहिजे. ती चवीसाठी घातलेली वाटत नाही. माणसे तिच्यात रागावतात, रडतात. याच बोलीत उद्या वाडीतला कोणी रहस्यकादंबरी लिहिणार असेल तर तिला पहिले प्रेत लागणारच नाही. तलाठी कार्यालयातले एखादे जुने फेरफाराचे पान पुरेल: १९५७ च्या कृषकदिनाच्या आसपासचे किंवा १९५९ नंतर वतने रद्द झाली तेव्हाचे. त्यात एक नाव खोडलेले असेल, वर दुसरे चढवलेले असेल, बाजूला कोणाचा तरी अंगठा असेल. ही पाने माहितीच्या अधिकारात मागता येतात. कुडाळ, सावंतवाडी, मालवणच्या महाविद्यालयांतील आपल्या विद्यार्थ्यांनी या सुट्टीत आपापल्या वाडीचे सर्व्हे नंबर घेऊन तेवढा एक अर्ज करावा, आणि मिळालेली पाने वाडीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवावीत. तो काय सांगतो ते लिहून घ्यावे.